धोंड्याचा हंगाम

२ सप्टेंबर

चि. ठके,

आशीर्वाद गृहीत धर. फोन उचलत नाहीस म्हणून ईमेलवर लिहितेय. हे पत्र निव्वळ कामाचं आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचायला हरकत नाही. ज्यावरून आपलं वाजलं तो विषय यात नाही. तुझ्या बाळंतपणाला मी येऊ शकत नाही हे सांगून झालंय, कारणही सांगून झालंय, आणि तेच ते उगाळत बसायची मला सवय नाही.

नमनाला घडाभर तेल झालं. काम असं की धोंडा आलाय.

हे पत्र तू जावयाला वाचून दाखवणार. तुझ्या पोटात काही राहत नाही, सध्या बाळ सोडून. म्हणून त्याच्यासाठी चार ओळी. मंगळ आणि गुरू यांच्या मधे दगडांचा एक मोठा पट्टा आहे. तिथे लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात, त्यातला हा एक. पक्क्या खडकाचा, लांबट, एखाद्या बऱ्यापैकी शहराएवढा. जगाच्या यादीत त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे. आपल्या घरात तो धोंडा. हे नाव कोणी ठेवलं ते तुला माहीत आहे.

दुर्बिणीतून बघितलं तर नुसता ठिपका. पण स्वतःभोवती फिरताना त्याची रुंद बाजू समोर आली की ठिपका जरा उजळतो, निमुळती आली की मंदावतो. रात्रभर फोटो काढायचे, प्रत्येक फोटोतला त्याचा उजेड मोजायचा आणि आलेख मांडायचा. त्यावरून तो किती वेळात एक गिरकी घेतो ते कळतं, आकाराचाही अंदाज येतो. आता आमच्या धोंड्याची खोड अशी की त्याची गिरकी जवळजवळ एका दिवसाची असावी, असा आमचा, म्हणजे माझा, संशय आहे. मी रोज रात्री गच्चीवर जाते तेव्हा हा रोज तेच तोंड घेऊन हजर. दुसरी बाजू तो दाखवतो तेव्हा इथे भर दुपार असते आणि मी दुकानात कोणाच्या तरी नाकावर चष्मा बसवत असते. तुझ्याकडे मात्र तेव्हा रात्र असते.

तू शिकवतेस त्या शाळेच्या गच्चीवर दुर्बीण आहे म्हणाली होतीस. तिथून कोणी तरी धोंड्याचे फोटो काढून पाठवले तर माझ्या अर्ध्या आलेखाला दुसरा अर्धा मिळेल. मधे दोन सांधे उरतील, एकीकडे उजाडलेलं आणि दुसरीकडे अजून अंधार न पडलेला. पण त्याची गिरकी दिवसापेक्षा किंचित कमी असावी, त्यामुळे तो रोज थोडा थोडा सरकतो. दोन्हीकडून नेटाने बघत राहिलं तर ऑक्टोबर संपेपर्यंत सांधेही भरून निघतील. त्यानंतर इतका उजळ तो पाच वर्षांनी येईल, आणि तेव्हा माझे गुडघे मला गच्चीवर जाऊ देतील का हे गुडघ्यांनाच विचारावं लागेल. तुझी तारीख नेमकी ऑक्टोबरच्या मध्यावर पडते, याला मी काय करू?

शाळेतल्या कोणालाही सांग. फक्त तुझ्या बाबांना सांगू नकोस. ते तुझ्यापासून दोन बसथांब्यांवर राहतात आणि त्यांच्याकडे चांगली दुर्बीण आहे हे मला ठाऊक आहे. पण आम्ही एकमेकांशी बोलत नाही त्याला पाच वर्षं झाली, आणि ती व्यवस्था मला मानवलेली आहे.

तू स्वतः जिने चढायचे नाहीत. पत्र कामाचं होतं, संपलं.

पाय सुजतात का?

आई


९ सप्टेंबर

चि. ठके,

फोटो मिळाले. सोबत एक अक्षर नाही, नुसते फोटो. माझीच मुलगी शोभतेस.

पण पोरी, काय बाजू आहे. मी काल सगळे फोटो मोजून आलेख मांडला आणि खुर्चीतून उठले ती घरभर फिरतच राहिले. मला वाटलं होतं तुझ्याकडची बाजू माझ्यासारखीच असेल, एक चढ, एक उतार. तशी असती तर धोंडा अर्ध्या दिवसातच गिरकी घेतो म्हणावं लागलं असतं. पण तुझ्याकडे तर उतार मधेच असा खाली जातो की जणू कोणी त्याचा लचका तोडलाय. माझ्याकडे असलं काही नाही. म्हणजे दोन बाजू दोन तऱ्हेच्या आणि गिरकी एका दिवसाचीच. इतकी वर्षं डोक्यात बसलेली शंका एका फटक्यात मिटली. मी जाऊन खाली राहणाऱ्या वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आता काय होणार? मी म्हटलं, काही नाही होणार, कळलं एवढंच. त्या म्हणाल्या, मग एवढ्या उड्या कशाला मारताय, जिना आधीच जुना आहे.

आज दुकानात एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवून दिली. बिचारा दारापर्यंत जाऊन परत आला, म्हणाला रस्ता तिरका झालाय. पस्तीस वर्षांत असं केलं नव्हतं.

एक विचारायचं होतं. तुझ्या आलेखात मधे मधे फटी आहेत. म्हटलं या दिवसांत सारखं बाथरूमला जावं लागतं, त्याच्या असतील. म्हणजे तूच चढतेयस जिने. सांगून काही उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी. निदान कठडा धरून चढ आणि वर बसायला पाठ टेकता येईल अशी खुर्ची ने.

दुकानात लहान बाळांच्या मापाची फ्रेम आली आहे, बोटाएवढी. मी एक बाजूला काढून ठेवली. उगीच. बाळाला जन्मतः चष्मा लागत नाही हे मला कळतं.

ढग येऊन जाऊन आहेत. आठवडाभर फोटो पाठवत राहा.

आई


१६ सप्टेंबर

ठके,

हे पत्र कालपासून लिहून पुसतेय. आता जसं येईल तसं येऊ दे.

त्या फटी तुझ्या नाहीत. काल नव्या फोटोंचा गठ्ठा उघडला. फटी बघ बघ बघितल्या, तर सगळ्या दर तासाला. तुझं बाळ काही घड्याळ लावून लाथा मारत नसणार. मग गठ्ठ्याच्या तळाशी गेले, तर प्रत्येक फटीच्या वेळचे काळेकुट्ट फोटो जपून ठेवलेले. तेव्हा कळलं.

जावयासाठी सांगते. कॅमेरा गरम झाला की फोटोत खोटे ठिपके उमटतात. ते वजा करायला दुर्बिणीवर झाकण घालून एक काळा फोटो घ्यायचा असतो. सगळं जग तो शेवटी एकदाच घेतं. या जगात एकच माणूस असा आहे की जो दर तासाला उठतो, हाताने झाकण घालतो, काळा फोटो घेतो, झाकण काढतो आणि मग मान वर करून आकाशाकडे बघतो, जसं काही झाकण घातल्यावर आकाश पळून गेलं असेल. आमचा पहिला कॅमेरा एका गिऱ्हाइकाने चष्म्याच्या बदल्यात दिला होता, तो तव्यासारखा तापायचा. तेव्हा लागलेली ही सवय. त्या कॅमेऱ्याला जाऊन युग लोटलं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी त्यांना चिडवायची, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

म्हणजे मी उड्या मारल्या त्या तुझ्या बाबांच्या फोटोंवर. आणि तू मला मारू दिल्यास.

तुला वाटत असेल आई हट्टी आहे. तू तेव्हा वसतिगृहात होतीस, परीक्षा होती, म्हणून आम्ही तुला सगळं सांगितलं नाही. आता ऐक. तुझे बाबा दोन वर्षांसाठी म्हणून तिकडच्या वेधशाळेत कामाला गेले. दुसऱ्या वर्षी तुझी आजी गेली. गेली म्हणजे एका दिवसात नाही, तीन आठवडे ती त्या मधल्या खोलीत श्वास मोजत होती आणि मी दुकान बंद करून तिच्या उशाशी होते. रोज विचारायची, जावई कधी येतायत? तिचा तुझ्या बाबांवर माझ्यापेक्षा जास्त जीव. मी फोन केला. ते म्हणाले, धोंड्याचा हंगाम आहे, मोठ्या दुर्बिणीवर पहिल्यांदाच त्याच्यासाठी रात्री मिळाल्यात, माझ्या जागी दुसरा माणूस नाही, दहा दिवसांत येतो. ती सातव्या दिवशी गेली. त्यानंतर त्यांचा फोन आला, आता निघतो म्हणाले. मी म्हटलं, आता येऊ नका, कधीच येऊ नका. आणि त्या गृहस्थांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं.

त्या सगळ्या रात्री तिकडे ढग होते, असं नंतर कानावर आलं. एकही फोटो मिळाला नाही. मला आनंद झाला होता.

त्यांची बाजू मला नको. सगळे फोटो मी काढून टाकलेत. तू पुन्हा पाठवू नकोस.

आई


१८ सप्टेंबर

ठके,

काल तूच फोन केलास आणि मीच तो आपटला. त्याबद्दल हे पत्र नाही. मी आपटला नसता तर काय बोलले असते, ते लिहितेय.

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू शाळेतल्या बाईंसारखं शांतपणे विचारलंस, "आई, आजी गेली तेव्हा बाबांनी काय कारण दिलं होतं?"

मी म्हटलं, "धोंड्याचा हंगाम."

"आणि तू मला काय कारण दिलंस?"

मी फोन आपटला. मग सकाळी दुकान उघडलं, काचा घासायच्या मशीनवर बसले आणि दिवसभर तुला उत्तरं देत राहिले. मरण आणि बाळंतपण एक नव्हे. तुला नवरा आहे, दवाखाना रस्त्यापलीकडे आहे, माझ्या आईला एकटी मी होते. शिवाय मी निदान खोटं बोलले नाही. हे शेवटचं मनात आलं आणि मशीनवरची काच तडकली.

खोटंच बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. धोंडा दोन महिने आकाशात एकटा राहिला तर त्याचं काही बिघडत नाही, तो कोट्यवधी वर्षं तेच करतोय. मला यायचं नाही कारण तिथे तुझे बाबा असणार. दवाखान्याच्या बाकावर असणार, तुझ्या स्वयंपाकघरात असणार, बाळाला कोणी आधी घ्यायचं या वेळी असणार. तुला वाटेल मला भांडणाची भीती वाटते. भांडण मला येतं. मला भीती वाटते की ते चहाचा कप पुढे करतील आणि मी तो घेईन, आणि माझ्या आईने तीन आठवडे बघितलेली वाट त्या एका कपात बुडून जाईल. माझ्याशिवाय तिच्या बाजूने रागवायला आता कोणी उरलेलं नाही, ठके.

हे लिहून हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय, माहीत आहे. तरी पाठवते.

फोटो मी काढून टाकले असं लिहिलं होतं. ते अजून कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या पेटीत आहेत. पेटी रिकामी केलेली नाही.

आई


२५ सप्टेंबर

चि. ठके,

तुला पडून राहायला सांगितलंय म्हणून हे जावई वाचून दाखवेल. जावईबापू, तिने मधे काही बोलायचा प्रयत्न केला तर वाचणं थांबवायचं, म्हणजे ती गप्प बसेल. लहानपणी गोष्ट सांगताना मी हेच करायची.

त्याचा फोन आला तेव्हा दुकानात दोन माणसं होती. तो म्हणाला रक्तदाब चढलाय, डॉक्टरीणबाई म्हणतात आठवडाभर बघू, नाही उतरला तर तारखेच्या आधीच बाळ बाहेर काढावं लागेल. मी विचारलं, किती आहे, औषध कोणतं, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे ठिपके येतात का. त्याने सगळ्याची उत्तरं दिली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ती तुम्हाला सांगणार नाही. पण ती घाबरलीय, आणि झोपेत तुम्हाला हाक मारते."

मी समोरच्या बाईंना सांगितलं, तुमचा नंबर बरोबर आहे, तुम्हाला चष्म्याची गरज नाही. त्या गेल्यावर आठवलं, त्या दुसऱ्यासाठी चष्मा न्यायला आल्या होत्या.

मग जावयाने दुसरी गोष्ट सांगितली. घसा खाकरून, शाळेत पाठ केल्यासारखी. तुझ्या बाबांनी निरोप दिलाय म्हणे. त्या येत असतील तर मी इथून जातो. तिकडची गच्ची मी सांभाळतो, तिकडची बाजू मी बघतो, इकडची त्या बघतील, माझी दुर्बीण आणि घराची किल्ली पोरीकडे ठेवतो. आमची गाठ पडायचं कारण नाही.

मला आधी हसू आलं. घरी येऊन खुर्चीत बसून इतकी हसले की वहिनी खालून वर आल्या. दोन म्हातारी माणसं, एका दगडासाठी, पृथ्वीच्या दोन टोकांना जागा बदलणार, आणि विमानं वाटेत एकमेकांना ओलांडणार. मग हसू थांबलं आणि राग आला. माझ्या आईसाठी यायला ज्यांना जमलं नाही ते आता धोंड्यासाठी येणार. त्याच मधल्या खोलीवरून चालत जिन्याकडे जाणार. वहिनींना म्हटलं, बघा, दगडाला पाझर फुटतो पण याला नाही फुटत. वहिनींनी पंखा लावला.

जावयाला मी अजून काही उत्तर दिलेलं नाही. तू औषध वेळेवर घे. मीठ कमी. डाव्या कुशीवर झोप.

आई


२८ सप्टेंबर

चि. ठके,

मी येतेय. तिकीट काढलं. पुढच्या रविवारी सकाळी तुझ्या दारात असेन. जावयाला म्हणावं मला घ्यायला यायची गरज नाही, त्याने तुझ्याजवळ थांबावं. मला बसचे नंबर वाचता येतात, मी चष्मे विकते.

तीन दिवस मला एकच गोष्ट कळत नव्हती आणि काल भांडी घासताना कळली. मी म्हणत होते ते धोंड्यासाठी येतायत. पण धोंड्याची ती बाजू त्यांच्या गच्चीवरून त्यांना रोज फुकट दिसतेय. माझी बाजू मी पाठवत आलेच असते. धोंड्यासाठी त्यांनी कुठेही जायची गरज नव्हती. त्यांना एवढंच कळलं की मी का येत नाही. मग त्यांनी ते कारणच उचललं आणि ते घेऊन बाहेर पडायला निघाले. पहिलं नातवंड जन्माला येईल तेव्हा हा माणूस तिथे नसेल, जगाच्या दुसऱ्या टोकाला गच्चीवरच्या माझ्या पत्र्याच्या खोलीत झाकण घालत-काढत बसलेला असेल. तू त्यांची एकुलती एक मुलगी. गेली चार वर्षं रोज संध्याकाळी तुझ्याकडे चक्कर मारतात असं तूच सांगितलं होतंस. आणि त्यांनी ती जागा मला दिली, तेही धोंड्याचं नाव पुढे करून, म्हणजे मला आभार मानावे लागू नयेत.

माझी आई गेली तेव्हा ते आले नाहीत हे खरं आहे आणि खरंच राहील. ते मी विसरणार नाही. पण हेही आता खरं झालं. दोन्ही एकाच माणसाने केलंय आणि याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

कचऱ्याच्या पेटीतले सगळे फोटो परत काढले. एका सांध्यापाशी त्यांचा आलेख आणि माझा आलेख एकमेकांवर येऊन बसले आहेत, केसाचाही फरक नाही. दुसरा सांधा अजून उघडा आहे. त्याला ऑक्टोबर लागेल.

बाळाला सांग, आजी येईपर्यंत घाई करू नकोस. आपल्या घरात सगळे उशिरा येतात, त्याने वेगळं व्हायची गरज नाही.

आई


४ ऑक्टोबर
(जेवणाच्या टेबलावर, चहाच्या डब्याखाली)

अहो,

किल्ली वहिनींनी दिली असेल. त्या तुम्हाला काही विचारणार नाहीत, मी बजावलंय, पण चहाला बोलावतील. जा.

लोखंडी जिन्याची वरून तिसरी पायरी हलते, तिच्यावर पाय देऊ नका. छप्पर सरकवताना डावीकडचं चाक अडकतं. जोर लावायचा नाही, थोडं मागे घेऊन मग पुढे ढकलायचं. दुर्बिणीची मोटर धोंडा डोक्यावरून पलीकडे उतरायला लागला की एकदा थांबते, तेव्हा तिला पुन्हा चालू करावी लागते, ते मी कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेला चिकटवलंय. नव्या कॅमेऱ्याला झाकण लागत नाही, तो स्वतःच थंड राहतो. तरी तुम्ही घालाल. घाला. मला आलेखातल्या फटींची सवय झाली आहे.

दुसरा सांधा संध्याकाळच्या बाजूने भरायचा आहे. अंधार पडताक्षणी सुरू करावं लागतं, त्या वेळी धोंडा समोरच्या इमारतीच्या टाकीमागून वर येतो. मी तुमच्याकडून पहाटेची बाजू बघेन, बाळ आणि पोर झोपू देतील तेवढी. रोजचे फोटो पोरीच्या ईमेलवर नको, सरळ माझ्या ईमेलवर पाठवा. काही विचारायचं असेल तर मलाच विचारा. दोन ओळींच्या निरोपासाठी तिला झोपेतून उठवू नका.

दुकान बंद ठेवलंय. कोणी चष्मा न्यायला आलं तर कपाटात वरच्या खणात नावं लावून ठेवलेत. दुकानात बसायचं वाटलं तर बसा, पण नाकावर चष्मा बसवताना लोकांना तुमचे विनोद सांगू नका, फ्रेम वाकडी बसते.

आता झोपायचं. बाहेरच्या खोलीत पलंग आहे, पोरीच्या खोलीतही आहे. तुम्ही संकोचाने बाहेरच्या खोलीत पथारी टाकाल. तिथे झोपायचं नाही. मधल्या खोलीत झोपा. गादी बदलली आहे, खिडकी तीच आहे. आई शेवटी त्या खिडकीकडे तोंड करून होती, कारण तिथून फाटक दिसतं. रात्री बघून झालं की दिवसा तुम्हाला झोप लागणार नाही, तेव्हा पडल्या पडल्या फाटकाकडे बघा. मी शिक्षा म्हणून सांगत नाही. त्या खोलीत पाच वर्षं मी एकटीच जातेय आणि मला ते आता जड झालंय. दुसऱ्या कोणाला तरी ती खोली माहीत असली पाहिजे, आणि तिला तुम्हीच हवे होतात.

हे लिहिताना मला रडू येतंय आणि रिक्षावाला खाली हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात आवरते.

बाळाचा पहिला फोटो जावयाच्या आधी मी पाठवेन. त्याला हातात घेतलं की कानात सांगेन की तुझे आजोबा तुझ्यासाठी दूर गेलेत, आणि ते खरं असेल.

पोरीने तुमचं परतीचं तिकीट मी इकडे परत येण्याच्या आदल्या दिवसाचं काढलंय. आपली गाठ पडू नये म्हणून तिने नीट हिशेब करून काढलं, बिचारीने. ते पुढे ढकला. मी येईन तेव्हा घरी असा.